सासऱ्यांच्या टकलावरचं क्रीम आणि सासूबाईंच्या नाकाजवळचा मस

पत्र (जागेसाठी थोडं कापलंय):

नमस्कार मॅडम, आम्ही मानेवाडा रोडला राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, वय 69, वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झाले. गोरेपान आहेत, डोळे घारे, डोक्यावर केस नाहीत. दोन-तीन वर्षांपासून टकलावर आणि कपाळावर खरखरीत चट्टे येत होते, खपली निघायची आणि परत यायची. स्किनच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, रिपोर्टमध्ये ॲक्टिनिक केराटोसिस आलं. डॉक्टर म्हणाले हा कॅन्सर नाही पण पुढे होऊ शकतो, आणि 5-फ्लोरोयुरासिलचं 5 टक्क्यांचं क्रीम दिवसातून दोनदा, तीन आठवडे लावायला सांगितलं. आज अकरावा दिवस आहे आणि पूर्ण डोकं लालबुंद झालंय, खपल्या धरल्यात, काही ठिकाणी पाणी सुटतंय. शेजारच्या काकू म्हणतात जळालं आहे, बंद करा आणि हळद लावा. मेडिकल स्टोअरवाला म्हणाला हे तर केमोचं औषध आहे बाप्पा, आणि त्यानं वेगळीच एक ट्यूब दिली. अमेरिकेतला दीर म्हणतो तिकडे पाच दिवसांत होणारं मलम आहे. मामाजी म्हणतात कॅन्सर नाही तर मी हे काऊन सहन करू. दुसरं म्हणजे, सासूबाईंच्या नाकाच्या बाजूला वर्षभरापासून एक काळा चमकदार मस आहे, कधी कधी त्यातून रक्त येतं. मामाजींचं उरलेलं क्रीम तिथे लावलं तर चालेल का? घरात कुत्रा आहे, तो मामाजींना सोडत नाही, त्याला काही होणार नाही ना?
— काळजीत असलेली सून

ताई, तुमचा सासूबाईंचा प्रश्न तुम्ही शेवटी जाता जाता विचारला पण उत्तर मी आधी देते कारण सगळ्यात अर्जंट तोच आहे: नाही. ते क्रीम त्या मसाला लावायचं नाही, टिकलीएवढंही नाही. का ते खाली सविस्तर लिहिते. आणि मामाजींचं म्हणाल तर जे होऊन राहिलं ते बहुतेक औषध काम करतंय म्हणूनच होऊन राहिलं, तरी आजच्या आज त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, उजेडात काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, कारण मी त्यांचं डोकं पाहिलेलं नाही, त्यांनी पाहिलंय.

आता नीट सांगते. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण वर्षानुवर्षं कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा डीएनए बिघडवत राहतात. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं, ते बऱ्यापैकी आड येतं, म्हणून हा आजार आपल्याकडे गोऱ्या देशांच्या मानानं फार कमी दिसतो आणि म्हणूनच तुमच्या शेजारच्या काकूंनी, मेडिकलवाल्यानं, कोणीच असं डोकं आधी पाहिलेलं नाही. पण घारे डोळे, गोरी कातडी, टक्कल आणि वर पूर्ण नोकरी नागपूरच्या उन्हात खांबावर, म्हणजे जे जे लागतं ते सगळं एकाच माणसात जमलं. (किडनी बदललेले पेशंट, ज्यांना प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या आयुष्यभर चालतात, आणि जन्मतः रंगद्रव्य नसलेली माणसं, यांनाही हा धोका जास्त. अशा कोणाला ओळखत असाल तर कातडी दाखवायला सांगा.) हे चट्टे डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतात, हात फिरवला की खरखर लागते.

एक एक चट्टा घेतला तर त्यातून कॅन्सर होण्याची शक्यता कमी असते, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका अभ्यासात एका चट्ट्याचा वर्षभरात स्क्वॅमस सेल कॅन्सर (कातडीच्या कॅन्सरचा एक प्रकार) होण्याचं प्रमाण साधारण 0.6 टक्के आणि चार वर्षांत अडीच टक्क्यांच्या आसपास निघालं होतं, काही चट्टे तर आपोआप जातात सुद्धा. पण मामाजींना एक चट्टा नाही, अख्खं टक्कल आहे. आणि कोणता चट्टा पुढे बिघडणार हे आज पाहून कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. तर त्यांच्या "काऊन सहन करू" चं उत्तर हे आहे. त्याच माजी सैनिकांच्या दवाखान्यांमध्ये 932 जणांवर अजून एक चाचणी झाली, 2018 मध्ये छापून आली, त्यात चेहऱ्यावर आणि कानांवर या क्रीमचा फक्त एक कोर्स दिला आणि पहिल्या वर्षात ऑपरेशन लागेल असा स्क्वॅमस कॅन्सर होण्याचं प्रमाण 75 टक्क्यांनी कमी झालं. पुढच्या वर्षांत तो फायदा टिकला नाही हेही सांगायला पाहिजे, म्हणजे हे क्रीम एकदा लावलं की सुटलो असं नाही, अधूनमधून तपासणी राहणारच.

क्रीम लागतं कसं ते मामाजींना समजावून सांगा, लाइनमन माणूस आहे, कशानं काय होतं ते कळलं की ऐकतील. पेशीला नवीन पेशी बनवायची तर डीएनए बनवावा लागतो, आणि हे औषध दिसायला त्या कच्च्या मालातल्या युरासिलसारखंच असतं, फक्त त्यात एक फ्लोरिनचा अणू घुसवलेला. भराभर वाढणारी बिघडलेली पेशी ते आत घेते आणि तिचं डीएनए बनवणारं एक एन्झाइम तिथेच अडकून बसतं, पेशी मरते. चांगली कातडी निवांत असते, तिला तेवढा फरक पडत नाही. 1957 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला चार्ल्स हायडेलबर्गर आणि त्यांच्या सोबतच्यांनी हे औषध पुढे आणलं ते पोटातल्या वगैरे कॅन्सरसाठी, शिरेतून द्यायला. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्या पेशंटना हे सलाइनमधून चाललंय त्यांच्या अंगावरचे उन्हाचे जुने चट्टे अचानक लाल होतात आणि मग निघूनच जातात, बाजूची कातडी मात्र जशीच्या तशी. तिथून ते क्रीममध्ये आलं.

म्हणूनच आता नीट पाहा, जिथे तुम्हाला आधी काहीच दिसत नव्हतं तिथे पण लाल झालं असेल. ते क्रीमनं नवीन केलेलं नाही, बिघाड तिथे होताच, फक्त दिसत नव्हता. पहिले तीन-चार दिवस काहीच होत नाही आणि लोकांना वाटतं ट्यूब डुप्लिकेट आहे, मग लाली, जळजळ, दुसऱ्या आठवड्यात खपल्या आणि ओल, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात भयानक दिसतं. तुम्ही नेमक्या त्याच ठिकाणी आहात. बंद केल्यावर दोन-चार आठवड्यांत वरची कातडी भरून येते, गुलाबीपणा जायला अजून महिना-दोन महिने लागतात. घरात लग्न वगैरे असेल आणि फोटोत यायचं असेल तर ते पाहून घ्या, मी सिरियसली सांगतेय, कोर्स अर्धवट सोडायचं मोठं कारण हेच असतं की लोक काय म्हणतील. मामाजी बाहेर निघत नसतील तर निघू नका म्हणा थोडे दिवस, काही बिघडत नाही.

मेडिकलवाल्याचं अर्धं खरं आहे. हो, हेच औषध आतड्याच्या कॅन्सरला शिरेतून देतात. पण कातडीवर लावलं की त्यातलं सहा टक्क्यांच्या आसपासच अंगात जातं, त्यामुळे केमो म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, उलट्या, केस जाणं (मामाजींना ती भीती तशीही नाही), ते या क्रीमनं सहसा होत नाही. अगदी थोड्या लोकांत हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम जन्मतः नसतं किंवा कमी असतं, त्यांना मात्र थोड्याशानंही त्रास होऊ शकतो. तेव्हा तोंडात फोड, जुलाब, पोटात मुरडा, ताप यातलं काही दिसलं तर क्रीम तिथेच थांबवायचं आणि डॉक्टर गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही. पू आला, लाली क्रीम न लावलेल्या भागात पसरायला लागली, डोळे सुजले, दुखण्यानं रात्रभर झोप नाही, तरी पण फोन. कधी कधी डॉक्टर चार-पाच दिवस सुट्टी देतात आणि परत सुरू करतात, कधी म्हणतात झालं तेवढं पुरे. तो निर्णय त्यांचा, काकूंचा नाही.

हळद. मला हळदीचा राग नाही, पण सोललेल्या कातडीवर हळद लावली की जळजळ वाढते, काहींना तिची ॲलर्जीही असते आणि सगळं पिवळं झाल्यावर लाली किती आहे हे डॉक्टरांना दिसणार कसं! त्याऐवजी थंड पाण्याची स्वच्छ पट्टी पाच-दहा मिनिटं, साधं व्हॅसलिन (क्रीम लावल्यावर लगेच नाही, मध्ये वेळ जाऊ द्या), दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, उशीचं कव्हर रोज बदला. खपली नखानं काढायची नाही. कॉटनचा दुपट्टा सैल ठेवायचा, घट्ट पट्टी बांधायची नाही, बांधलं की औषध जास्त मुरतं.

आणि त्या मेडिकलवाल्यानं दिलेल्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. लावलं की दोन दिवसांत लाली बसेल, सगळे खूश होतील, आणि जी आग लावायला तुम्ही अकरा दिवस काढले ती विझून जाईल. कोर्स संपल्यावर डॉक्टर कधी कधी स्वतः हलकं स्टेरॉइड देतात शांत व्हायला, ती गोष्ट वेगळी. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची ट्यूब काउंटरवरून सरकवायची ही आपल्याकडची सवय मला अजिबात पटत नाही, निम्म्या नागपूरची खाज या ट्यूबांनी बिघडवून ठेवलीय, पण तो विषय आज नको.

कुत्र्याचं तुम्ही विचारलं ते फार बरं झालं, कारण डॉक्टरही हे सांगायला विसरतात. हे औषध कुत्र्या-मांजरांना विष आहे. ट्यूब चावून किंवा क्रीम चाटून कुत्रे काही तासांत मेल्याच्या घटना झाल्यात, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, त्याबद्दल वेगळी सूचना काढली होती. तर ट्यूब कपाटात, कडी लावून, वापरलेला कापूस आणि ग्लोव्ह झाकणाच्या डब्यात, आणि तीन आठवडे कुत्र्यानं मामाजींचं डोकं, हात, उशी काहीच चाटायचं नाही. चाटलं असं वाटलं तर झटके यायची वाट न पाहता सरळ व्हेटकडे, ट्यूब सोबत घेऊन. लावणारी तुम्ही असाल तर ग्लोव्ह घाला. दिवस गेले असतील, तशी शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तुम्ही हातच लावू नका, तुमच्या मिस्टरांना लावू द्या, त्यांचे वडील आहेत. डोकं धुऊन, कोरडं करून, दहा मिनिटं थांबून, पातळ थर. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठ टाळायचे. जाड थर लावल्यानं लवकर होत नाही, नुसता त्रास वाढतो.

दिराचं पण खोटं नाही. टिरबॅनिब्युलिन नावाचं मलम आहे, अमेरिकेत 2020 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं, रोज एकदा असं पाच दिवस लावायचं, कातडीला त्रासही बराच कमी. पण ज्यांचं डोकं पूर्ण साफ झालं त्यांच्यातल्याही बहुतेकांना वर्षभरात परत चट्टे आले. आणि पाच दिवस म्हटल्यावर मला दुसरं एक आठवतं, इंजेनॉल नावाचं जेल, 2012 मध्ये आलं, दोन-तीन दिवसांचा कोर्स, सगळे त्यावर खूश. मग लावलेल्या जागी कॅन्सर जास्त होतोय की काय अशी शंका आली आणि 2020 मध्ये युरोपात ते बाजारातून गेलं. दीर लांबून काळजीपोटी बोलतात, त्यांना सांगा की 2019 मध्ये नेदरलँड्समध्ये 624 पेशंटवर चार उपचार समोरासमोर लावले होते आणि एक वर्षानंतर चट्टे निदान तीन चतुर्थांश कमी झाले अशांची संख्या या आपल्या जुन्या 5-फ्लोरोयुरासिलमध्ये सगळ्यात जास्त होती, जवळपास 75 टक्के. इमिक्विमॉडमध्ये 54, क्रीम लावून त्यावर लाइट मारतात त्या फोटोडायनॅमिक उपचारात 38, आणि त्या इंजेनॉलमध्ये 29. मामाजींना जे दिलंय ते स्वस्तातलं, जुनं आणि चांगलं आहे, फक्त दिसायला कुरूप आहे.

इमिक्विमॉड म्हणजे वेगळी तऱ्हा, ते पेशी स्वतः मारत नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीला तिथे बोलावतं, आठवड्यातून दोनदा असं सोळा आठवडे चालतं आणि काहींना त्यात फ्लू झाल्यासारखं अंग दुखतं. डायक्लोफिनॅकचं 3 टक्क्यांचं जेल पण असतं, दोन-तीन महिने लावायचं, सौम्य आहे आणि असरही सौम्यच. हे वाचून कोणी घरातलं गुडघ्याचं जेल कपाळाला चोळू नका प्लीज, ते वेगळं बनवलेलं असतं.

आता सासूबाई. ताई, या सगळ्या क्रीमचं एक आहे, ती वरवरची कामं करतात. मामाजींचा बिघाड कातडीच्या अगदी वरच्या थरात आहे आणि तुकडा तपासून ते सिद्ध झालंय, म्हणून क्रीम चालतं. सासूबाईंचा मस कुठपर्यंत गेलाय कोणालाच माहीत नाही. काळा, चमकदार, वर्षभर आहे, मध्येच रक्त येतं, नाकाजवळ, हे ऐकून माझ्या मनात पहिलं नाव येतं बेसल सेल कार्सिनोमा, हाही कातडीचाच एक कॅन्सर. आपल्या लोकांत तो बऱ्याचदा काळाच असतो, म्हणून सगळे त्याला तीळ नाहीतर मस समजून बसतात. तो नसूही शकतो, साधं काही असू शकतं, आणि क्वचित मेलॅनोमा पण असू शकतो, कातडीचा तो कॅन्सर जो खरंच घातक. पाहिल्याशिवाय आणि तुकडा तपासल्याशिवाय मी यातलं एकही पक्कं म्हणणार नाही.

समजा बेसल सेलच असला. तो शक्यतो लांब पसरत नाही पण जागेवर पोखरत जातो, आणि नाक-डोळ्याच्या आसपास पोखरणं म्हणजे वाईट. अगदी पातळ, वरवरच्या प्रकाराला क्रीम देतात, इमिक्विमॉड आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, पण ते छातीवर, पाठीवर, हाता-पायावर. इंग्लंडमध्ये कमी धोक्याच्या बेसल सेलवर इमिक्विमॉड आणि ऑपरेशन अशी तुलना झाली, पाच वर्षांनी क्रीमवाल्यांपैकी साडेब्याऐंशी टक्के यशस्वी होते आणि ऑपरेशनवाल्यांपैकी जवळपास 98. तेही सोप्या जागांवर. उंच, गाठीसारख्या मसाला घरीच क्रीम लावलं तर वरचं झडतं, कातडी छान भरून येते, सगळे म्हणतात गेला, आणि खाली तो आरामात वाढत बसतो. दोन वर्षांनी परत दिसतो तेव्हा नाकाचा तुकडा काढायची वेळ आलेली असते. अशी केस पाहणं फार त्रासाचं असतं कारण वर्षभर आधी हेच वीस मिनिटांचं काम असतं.

चुना आणि सोडा लावून मस जाळणारे पण आपल्याकडे कमी नाहीत, त्यांच्यापासून तर त्यांना लांबच ठेवा. आणि बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, केली की कॅन्सर पसरतो असं कोणी ना कोणी म्हणेलच, बहुतेक त्याच काकू. तसं होत नाही. बधिर करायचं इंजेक्शन, तीन-चार मिलिमीटरचा तुकडा, एखादा टाका, आणि घरी येऊन स्वयंपाक करतात लोक.

कुठे जायचं तर मामाजींच्याच डॉक्टरांकडे, त्यांच्या पुढच्या तपासणीला सासूबाईंनाही सोबत न्या. तपासणी पंधरा दिवसांपेक्षा लांब असेल तर थांबू नका, मेडिकल कॉलेजच्या किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत नाहीतर मिहानच्या एम्समध्ये दाखवा, सकाळी लवकर नंबर लावा. रिपोर्टमध्ये काही निघालंच तर तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल तुमच्या घरापासून जवळच आहे आणि जामठ्याचं एनसीआय हे कॅन्सर हॉस्पिटलही आहे. राशन कार्ड, आधार कार्ड सोबत असू द्या, सरकारी योजनेत बसतं का ते तिथेच विचारता येतं.

जाताना मामाजींच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट पण न्या. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर डॉक्टरांना सांगा, वर्षानुवर्षं घेतल्यावर त्या औषधानं उन्हाचे कॅन्सर थोडे वाढतात असं दिसलंय, 2020 मध्ये एफडीएनं लेबलवर तसं लिहायला लावलं. धोका लहान आहे आणि तो गोऱ्या लोकांतच जास्त दिसला, बीपी वाढलेलं राहणं त्याहून वाईट, तेव्हा गोळी स्वतःहून बंद करू नका, बदलता येते का एवढंच विचारा.

उन्हाचं मामाजींना सांगायला जाल तर ते म्हणतील आता रिटायर झालो. सकाळी बागेत फिरणं, दुपारी भाजी आणायला स्कूटरवर, गच्चीवर पापड वाळवताना राखण, ते सगळं ऊनच आहे. आणि गरमी वेगळी, किरणं वेगळी, कूलरसमोर बसून गरमी जाते पण डिसेंबरच्या छान थंडीतल्या उन्हातही किरणं असतातच. क्रीम चालू आहे तोवर आणि नंतरही काही महिने ती कातडी जास्तच हळवी राहणार. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाहीचा शर्ट, कोर्स संपून कातडी भरली की टकलाला आणि कानांना एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, कान सगळे विसरतात. टोपी घालायला लाजतात म्हणे आपल्याकडचे म्हातारे, तर दुपट्टा सैलसर बांधू द्या, तो तर इथे सगळेच बांधतात.

कोर्स संपल्यावर ट्यूबमध्ये जे उरेल ते ठेवून देऊ नका, पुढच्या वेळी कामी येईल म्हणून फ्रिजच्या दारात तर अजिबात नाही. डॉक्टरांकडे परत नेऊन द्या नाहीतर त्यांना विचारून टाका, आणि सासूबाईंची बायोप्सी झाली की रिपोर्टमध्ये काय आलं ते मला कळवा.